कृपा आणि कमाई

ऑगस्ट महिना लागला की गोमंतकातील ख्रिस्ती गावांतून कणसांच्या फेस्ताची लगबग सुरू होते. सासष्टीतील राय गावी ५ ऑगस्टला हा सोहळा होतो आणि त्यामागोमाग ताळगावासारख्या गावांतून महिनाभर ही फेस्ते चालू राहतात. पाद्री, गावकार आणि ग्रामस्थ वाजतगाजत शेताकडे जातात, उभ्या पिकाला आशीर्वाद दिला जातो, विळ्याने पहिली कणसे कापली जातात आणि ती चर्चमध्ये वेदीपुढे नेल्यावर मगच लोकांत वाटली जातात. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी हिंदू घरांतून नव्याची पूजा होते, तीही याच भूमीत पिकलेल्या कणसांची. नांगर एक, बांध एक, पाऊस एक. देवघरे तेवढी निराळी. हा सोहळा पाहून आनंद मानणारे पुष्कळ आहेत. त्याचा अर्थ काय, हे विचारणारे थोडे. तो अर्थ विचारण्याचा, आणि त्याचा आपल्या आजच्या वागण्याशी काही मेळ बसतो की नाही हे तपासण्याचा, आमचा आज विचार आहे.

शेतकऱ्याने चिखल तुडविला, रोप लावले, तण काढले, डुकरे आणि पाखरे राखली. मग कष्ट ज्याचे त्याचाच पहिल्या कणसावर हक्क, असे व्यवहार सांगतो. फेस्त नेमके याच्या उलट सांगते. पहिले कणीस तुझे नव्हे. ते जेथून आले तेथे आधी परत ने, आणि मग उरलेले पीक दान म्हणून घरी आण, असा त्याचा आदेश आहे. यात शेतकऱ्याच्या श्रमाचा अनादर नाही. परंतु श्रमाने जे होते आणि श्रमाला जे मिळते, या दोहोंच्या मध्ये एक जागा मोकळी असते, आणि ती मनुष्याला भरता येत नाही, एवढे त्यात मान्य केलेले आहे. बी पेरणे हाती आहे, ते रुजणे हाती नाही. ख्रिस्ताने पर्वतावरील प्रवचनात परमेश्वराच्या औदार्याची साक्ष म्हणून सूर्य आणि पाऊस यांचेच उदाहरण दिले. सज्जनाच्या शेतावर आणि दुर्जनाच्या शेतावर ते सारखेच येतात, पात्रता विचारून येत नाहीत. ख्रिस्ती धर्मात ज्याला कृपा म्हणतात तिचा हा पहिला धडा होय, आणि तो पोथीआधी शेतात शिकता येतो.

मात्र हा धडा मनुष्याला सहजासहजी रुचत नाही, हे ख्रिस्ताला पक्के ठाऊक होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील २० व्या अध्यायात त्याने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट याचसाठी आहे. एक मळेवाला भल्या पहाटे नाक्यावर जातो आणि एक दिनार रोजावर मजूर ठरवून आणतो. दिनार म्हणजे त्या काळची दिवसाची नेहमीची मजुरी. पुढे सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि अखेर दिवस मावळायला तासभर उरला असताना तो पुन्हा पुन्हा जातो, आणि तेथे रिकाम्या उभ्या असलेल्यांना कामावर घेतो. सायंकाळी मजुरी वाटताना तो शेवटच्यांपासून आरंभ करतो आणि तासभर राबलेल्याच्या हातावर पुरा दिनार ठेवतो. साहजिकच पहाटेपासून राबलेल्यांच्या आशा वाढतात; पण त्यांच्याही हातावर एकच दिनार पडतो. ते कुरकुरतात. उन्हातान्हात दिवसभर खपलेल्या आम्हांला या तासाभराच्या लोकांच्या पंक्तीला बसविलेस, ही त्यांची तक्रार. मळेवाला त्यांना शांतपणे विचारतो की ठरले तेवढे तुम्हांला मिळाले की नाही, आणि मी उदार झालो याचा तुम्हांला मत्सर का वाटावा?

ही गोष्ट ऐकताना बहुतेक वाचक मनातल्या मनात पहाटेच्या मजुरांच्या रांगेत जाऊन उभे राहतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपण दिवसभर राबलेलो आहोत, आपले पुण्य जमेला आहे आणि शेजाऱ्याला जे मिळाले ते फुकटचे आहे, अशी आपली बहुतेकांची खात्री असते. संध्याकाळी उरलेल्यांच्या रांगेत आपण आहोत असे मानून ही गोष्ट ऐकणारा विरळा. वस्तुतः त्या उरलेल्यांना मळेवाला विचारतो की दिवसभर येथे रिकामे का उभे होता, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर फार करुण आहे: आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. ते आळशी नव्हते. नको असलेले होते. आजही सकाळी म्हापशाला किंवा मडगावला मजुरांच्या नाक्यावर नजर टाकली तर हे दृश्य दिसते. तरणेबांड आधी उचलले जातात; म्हातारा, किरकोळ अंगाचा, भाषा न येणारा मागे राहतो. त्याच्याही घरी चूल एकच असते आणि ती तासाच्या हिशेबाने पेटत नाही. मळेवाल्याने दिनार दिला तो त्या चुलीकडे पाहून. कामाच्या तासांकडे पाहणारा हिशेब खोटा नव्हता. मनुष्याच्या गरजेपुरता तो अपुरा होता.

येथे एक शंका रास्त आहे, आणि कामगार चळवळीत वाढलेला कोणीही ती घेईल. समान कामाला समान दाम हे तत्त्व मोठ्या झगड्याने प्रस्थापित झालेले असताना, मालकाच्या मर्जीला औदार्य म्हणून गौरविणारी ही गोष्ट धनिकांच्या पथ्यावर पडणारी नाही काय? आमचे उत्तर असे की गोष्ट नीट वाचली तर तसा अर्थ निघत नाही. मळेवाल्याने पहिल्या मजुरांचा एक कवडीही कमी केला नाही. न्याय आधी पुरा झाला आणि औदार्य त्याच्यावर चढले. न्यायाच्या जागी औदार्य बसविण्याची सवलत या गोष्टीने कोणालाही दिलेली नाही. नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय ज्याने वाचला असेल त्याला याविषयी संदेह उरणार नाही. शेत कापणाऱ्यांची जी मजुरी मालकांनी दाबून ठेवली तिचाच आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो, असे त्या पत्रात खडसावून सांगितलेले आहे. मजुराचे शंभर रुपये बुडवून चर्चला किंवा देवळाला हजारांची देणगी देणारा मनुष्य उदार नव्हे. दुसऱ्याच्या पैशाने तो आपले नाव कोरून घेत असतो. कृपेची भाषा बोलणाऱ्याने आधी हिशेबाची वही चोख ठेवली पाहिजे.

न कमावलेल्या दानाचा हा विचार ख्रिस्ती जगतात कधीच बिनवाद राहिलेला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी पेलागियस नावाच्या तपस्व्याने असा पक्ष मांडला की परमेश्वराने मनुष्याला बुद्धी आणि इच्छाशक्ती दिली आहे, तिच्या बळावर त्याने सन्मार्गाने चालावे; चालता येत नाही ही सबब होय. हा पक्ष वरवर पाहता किती मर्दानी वाटतो! उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला आयुष्याच्या अखेरपर्यंत विरोध केला. ज्या इच्छाशक्तीचा तू डौल मिरवतोस तीही तुला मिळालेलीच आहे, आणि ती वळविणाराही तोच, हे ऑगस्टीनच्या म्हणण्याचे सार. संत पौलाने करिंथच्या मंडळीला विचारलेला प्रश्न त्याला सतत आठवत असे: तुझ्याजवळ असे काय आहे की जे तुला कोणी दिलेले नाही, आणि दिलेलेच आहे तर मग स्वतः मिळविल्यासारखी फुशारकी कशाची? इ. स. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसचे मत त्याज्य ठरविले.

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत वडकलै आणि तेंकलै या दोन पंथांमध्ये हाच वाद रंगला. माकडाचे पिलू आईला घट्ट धरून राहते, तसे भक्ताने आपल्याकडून देवाला धरले पाहिजे, असे एकांचे म्हणणे. मांजराचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून सुखरूप नेते, तशी कृपा असते, असे दुसऱ्यांचे. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय हे शब्द आपल्या कीर्तनकारांनाही परिचित आहेत. माणसाने किती करायचे आणि देवाने किती, हा प्रश्न जेथे जेथे भक्ती खोल गेली तेथे तेथे उपस्थित झालेला आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर तुकोबांना सोडले नाही, उलट तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत, याचे मर्म येथे आहे. देवापुढे रिते हात घेऊन उभे राहण्याची सवय त्यांना वारकरी वाणीने आधीच लावलेली होती.

कृपा फुकट आहे म्हटल्यावर तिचा बाजार मांडणारेही निघतात. सोळाव्या शतकाच्या आरंभी, रोममधील सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी द्रव्य उभे करताना, पापाच्या दंडातून सूट देणाऱ्या पत्रांची जर्मनीत जवळजवळ विक्री चालली होती. त्याविरुद्ध १५१७ मध्ये विटेनबर्गचा प्राध्यापक मार्टिन ल्यूथर उभा राहिला आणि पश्चिमेकडील ख्रिस्ती जगत दुभंगले. जे परमेश्वर मोफत देतो त्याला दाम लावण्याचा अधिकार कोणाला नाही, हा त्याच्या झगड्याचा गाभा होता. पुढे दोन्ही बाजूंनी शतकानुशतके एकमेकांना शापले. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, आणि मनुष्याचा परमेश्वराकडून होणारा स्वीकार त्याच्या गुणांमुळे नसून केवळ कृपेमुळे आहे, हे एकमुखाने मान्य केले. ज्या प्रश्नावरून युद्धे झाली त्यावर पावणेपाचशेहून अधिक वर्षांनी एका कागदावर सह्या होतात, यात हसण्यासारखे काही नाही. फुकट मिळालेल्या वस्तूवरून माणसे किती भांडू शकतात, याची मात्र त्यातून कल्पना येते.

याच्या उलट टोकाचा धोकाही आहे. सर्व काही कृपेनेच मिळायचे तर मग कष्ट कशाला आणि सदाचार तरी कशाला, असे म्हणणारे पौलाच्या काळीही होते आणि आजही आहेत. याचे सर्वांत कठोर उत्तर विसाव्या शतकात दिले ते डीट्रिख बोन्होफर या जर्मन धर्मोपदेशकाने. हिटलरच्या राजवटीपुढे चर्चचा मोठा भाग मान तुकवीत असताना, १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने स्वस्त कृपा आणि मोलाची कृपा असा भेद केला. जी क्षमा पश्चात्ताप मागत नाही, जी वागणुकीला हात लावत नाही, ती कृपा स्वस्त. जी मिळाल्यावर मनुष्य पूर्वीसारखा राहूच शकत नाही, ती मोलाची. दोन्ही फुकटच मिळतात. भेद घेणाऱ्याच्या जीवनात दिसतो. बोन्होफरच्या जीवनात तो दिसला. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला महिना उरला असताना, फ्लोसेनबुर्गच्या छावणीत नाझींनी त्याला फासावर दिले.

आता कृतज्ञतेकडे वळू. दान कमावलेले नाही म्हणजे ते फेडायचेही नाही. मग आभार कशासाठी? भाषा येथे मोठी मार्गदर्शक आहे. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला तीत कृपेला आणि आभाराला एकच शब्द चालतो, खारिस. युखारिस्त हा ख्रिस्ती उपासनेतील मुख्य विधी, म्हणजे मीस, त्याचे नावच मुळी आभारप्रदर्शन या अर्थाचे आहे. वरून खाली येते तेव्हा ती कृपा, खालून वर जाते तेव्हा तेच आभार. जणू एकाच विहिरीतील रहाटाच्या दोन बाजू. पोर्तुगीज माणूस आभार मानताना 'ओब्रिगाद' म्हणतो. त्याचा मूळ अर्थ बांधला गेलो, ऋणी झालो असा आहे. आमचा गोमंतकीय, मग तो हिंदू असो की ख्रिस्ती, कोकणीत म्हणतो, 'देव बरें करूं'. देव तुझे भले करो. या तीन शब्दांत केवढे तत्त्वज्ञान आहे, इकडे आमचे सहसा लक्ष जात नाही. माझ्याकडून तुझी फेड होणार नाही, ती देवाने करावी, असे म्हणून तो देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही सावकारीतून सोडवितो. उपकार करणाऱ्याला वसुलीचा हक्क राहत नाही आणि घेणाऱ्याच्या मानेवर ओझे राहत नाही. तरीही उपकार विसरला गेला असे होत नाही. तो देवाच्या साक्षीने स्मरला जातो.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची हकीकत आहे. दहाही बरे झाले. आभार मानायला परत आला तो एक, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी बाटगा मानून दूर ठेवलेल्या जमातीचा. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे ख्रिस्ताने विचारले. या प्रश्नात खेद आहे. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला, असे कोठेही लिहिलेले नाही. कृतघ्नतेची शिक्षा म्हणून दान हिरावून घेतले गेले नाही. यावरून आभार हे दानाचे मोल नव्हे, हे स्पष्ट होते. मग त्या एकाला अधिक काय मिळाले? नऊ जणांना कातडी मिळाली. त्याला देणारा भेटला. कृतज्ञ माणसाचा लाभ तो हाच. आणखी एक गोष्ट येथे सुचविलेली आहे. आपला हक्कच आहे असे ज्यांना वाटले ते निघून गेले. ज्याला आपला कोठेच हक्क नाही हे आयुष्यभर ऐकावे लागले होते, तोच परतला.

उधळ्या पुत्राच्या प्रसिद्ध दृष्टान्तातील थोरला भाऊ हा याच दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. धाकट्याने वाटणी उडविली, डुकरे राखली आणि लाज सोडून घरी आला. बापाने धावत जाऊन त्याला मिठी मारली आणि मेजवानी मांडली. थोरला शेतातून परतला तो अंगणातच अडून बसला. इतकी वर्षे मी राबलो, मला कधी करडूही मिळाले नाही, हे त्याचे गाऱ्हाणे. धाकट्याचे पाप उघड होते म्हणून बरे झाले. थोरल्याचे दुखणे सद्गुणांच्या आड दडलेले होते: बापाच्या घरी तो मुलगा म्हणून नव्हे, पगारी नोकर म्हणून राहत होता. बाप त्यालाही समजवायला बाहेर आला. पण तो आत गेला की नाही, हे गोष्टीत सांगितलेले नाही. तो निर्णय ऐकणाऱ्यावर सोडलेला आहे. नाकासमोर चालणाऱ्या, कर भरणाऱ्या, चर्चला किंवा देवळाला नियमाने जाणाऱ्या आम्हां मध्यमवर्गीयांसाठी याहून बोचरी गोष्ट दुसरी नसेल.

कारण आम्ही जे आमचे म्हणून मिरवितो त्यातले आम्ही मिळविलेले किती? १९६१ नंतर जन्मलेल्या गोमंतकीयाने आपल्या स्वातंत्र्यासाठी काय दिले? १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर गोळ्या झेलणाऱ्या सत्याग्रहींत असे तरुण होते की ज्यांनी गोवा पाहिलाही नव्हता. पंजाबातील कर्नेलसिंग त्यांतलाच. आम्हांला ते दान फुकट मिळाले. तेच भाषेचे. आईच्या मांडीवर ती मिळते तेव्हा कोणी आपल्याला परीक्षा घालीत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, सासष्टीत राहिला, आणि ज्ञानदेव-एकनाथांच्या परंपरेने घडविलेली ओवी त्याने हाती घेतली. तिच्यात रचलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ज्या ओवीसाठी त्याच्या पूर्वजांनी काही केले नव्हते ती त्याला मिळाली, आणि जी कथा आमच्या पूर्वजांना ठाऊक नव्हती ती त्याने त्याच ओवीत परत दिली. घेणाऱ्याने देणारा कसे व्हावे, याचा हा उत्तम दाखला होय.

आणि तरी याच भूमीत दुसरे चित्रही घडले, ते लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षणाचे न्यायालय स्थापन झाले आणि मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १६८४ मध्ये लोकांची बोली बंद पाडण्याचे फर्मान निघाले. जी वस्तू मोफत देण्यासाठी आहे असे धर्मग्रंथ सांगतो, तीच तुरुंग आणि जप्तीच्या धाकाने गळी उतरविण्याचा हा उद्योग होता. आम्ही हे उकरून काढतो ते आजच्या ख्रिस्ती बांधवांना दूषण देण्यासाठी नव्हे. त्यांचे पूर्वजही त्या जाचाखाली भरडले गेलेच. मुद्दा तत्त्वाचा आहे. कृपेची सक्ती करता येत नाही. सक्ती केली की ती कृपा उरत नाही, सत्ता होते. आणि सत्तेपुढे जी मान लवते तिला कृतज्ञता म्हणत नाहीत. हे सूत्र कोणत्याही धर्माच्या नावाने गर्जना करणाऱ्यांनी आजही ध्यानात ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे.

या सर्वांनंतर आपण पुन्हा त्या शेतात येऊ. गोव्याच्या खाजन जमिनींकडे पाहिले म्हणजे न कमावलेले दान म्हणजे काय, हे डोळ्यांना दिसते. ज्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत अशा पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी चिखलमातीचे बांध घातले, भरतीचे खारे पाणी अडविले, मानशीची दारे बसविली आणि खाडीच्या कुशीतून भाताची शेते उभी केली. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालत आलेल्या गावकरीने, ज्यांना पुढे कोमुनिदाद म्हणू लागले त्यांनी, ते बांध पिढ्यान्‌पिढ्या राखले. या कामाची मजुरी आजच्या एकाही गावकाराने चुकविलेली नाही. त्याला ते शेत मिळाले, जसा पाऊस मिळतो तसे. आणि आज काय दिसते? बांधाला भगदाड पडते ते महिनोन्‌महिने बुजविले जात नाही. खारे पाणी आत शिरते. शेत पडीक राहते. पडीक राहिले म्हणून निरुपयोगी ठरते. निरुपयोगी ठरले म्हणून भराव टाकून त्यावर इमारत उभी राहते. शेतजमीन बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून विधानसभेने २०२३ मध्ये कायदा केला. कायदा हवाच, पण ज्याला आपल्या हातातील वस्तू दान वाटत नाही त्याला कायद्यातील पळवाट आधी दिसते.

येथेच कणसांच्या फेस्ताची खरी कसोटी आहे. कित्येक गावांत आज अशी स्थिती आहे की मिरवणूक निघते, बँड वाजतो, परंतु कणसे कापण्यासाठी पिकलेले शेत शोधावे लागते. पहिली कणसे देवाला वाहायची आणि दुसरी कणसे उगवूच द्यायची नाहीत, हा कोणत्या प्रकारचा आभार? आणि जे थोडे शेत अजून पिकते ते कोणाच्या हातांनी पिकते? लावणीला आणि कापणीला आज बहुधा परप्रांतातून आलेले हात लागतात. ज्यांना आम्ही 'भायले' म्हणून हिणवितो, ते संध्याकाळच्या तासाला मळ्यात आलेले मजूर आहेत. त्यांच्याकडे पाहून कुरकुरणाऱ्या गावकाराने मत्तयाचा तो अध्याय पुन्हा वाचावा. आपण स्वतः पहाटे आलो, हा केवळ योगायोग आहे. जन्म कोठे व्हावा हे कोणी कमावलेले नसते.

कृतज्ञता ही भावना आहे तोवर तिचे फारसे मोल नाही; ती सवय झाली पाहिजे आणि सवयीचे रूपांतर व्यवस्थेत झाले पाहिजे. त्यासाठी फार मोठे काही करायला हवे असे नव्हे. ज्या कोमुनिदादीच्या नावाने फेस्त होते तिने त्याच दिवशी आपल्या बांधांची आणि मानशींची पाहणी करून डागडुजीचा ठराव करावा. ज्याचे शेत पडीक आहे त्याने ते कसू इच्छिणाऱ्याला निदान काही हंगामांपुरते विश्वासाने द्यावे, आणि घेणाऱ्याने तो विश्वास राखावा. शेतमजुराची मजुरी त्याच सांजेला पुरी चुकती व्हावी. चर्चमधून वाटली जाणारी कणसे परप्रांतीय मजुराच्या खोलीपर्यंतही पोचावीत. चतुर्थीला जे शेजारी एकमेकांकडे करंज्या-नेवऱ्या पाठवितात त्यांनी बांध घालायलाही एकत्र यावे. खाऱ्या पाण्याला धर्म कळत नाही.

परमेश्वर आहे की नाही, यावर वाद घालणारे घालोत. ज्याचा त्याच्यावर विश्वास नाही त्यालाही एवढे नाकारता येणार नाही की जे सर्वांत मोलाचे, म्हणजे जन्म, भाषा, ऊन, पाऊस, पूर्वजांचे कष्ट आणि माणसांचे प्रेम, त्यातले काहीही त्याने विकत घेतलेले नाही. ख्रिस्ती श्रद्धा त्या देणाऱ्याला नाव देते आणि त्याच्यापुढे वर्षातून एकदा हिरवी कणसे घेऊन उभी राहते. ते उभे राहणे सार्थ व्हायचे असेल तर पुढच्या वर्षीही त्याच शेतात कणसे डोलली पाहिजेत, आणि ती कापणाऱ्याच्या घरची चूल पेटलेली असली पाहिजे. असे ज्या गावात घडेल त्या गावाला आम्ही आमच्याच भाषेत एवढेच म्हणू: देव बरें करूं.